झाकण उघडायला पाच मिनिटं

ओकनाननं जेवण सोडलं होतं. आता खाल्लं नाही तर नाकात नळी घालावी लागेल, असा वृद्धाश्रमातून निरोप आला आणि तिचा धाकटा भाऊ चुनबे, स्वतः सत्तरीपार, धापा टाकत पोचला.

"विचारलं की एकच," सेविका मिसुक म्हणाली. "'माझं झालं, त्याला द्या.' हा 'तो' कोण, देव जाणे."

"नुना, मी आलोय," चुनबे म्हणाला. थोरल्या बहिणीला तो जन्मभर 'नुना'च म्हणत आलेला. तिनं त्याला ओळखलंच नाही.

तेवढ्यात पलीकडच्या आजोबांनी ताट उलथवलं. मिसुक वैतागली. "झालं! गेपान ओबुन जॉन!"

बुसान शहरात सावळागोंधळ माजला की सगळे हेच म्हणतात. चुनबेनं विचारलं, "पोरी, अर्थ ठाऊक आहे का?"

"गोंधळ! दुसरं काय?"

"झाकण उघडायला पाच मिनिटं."

चुनबेच्या लहानपणी लढाईतून पळालेली माणसं इथल्या डोंगरावर खोपटी बांधून राहिली, तेव्हा पेजेच्या हंड्यापाशी अशी आरोळी उठे आणि डबे-वाडगे घेऊन सगळी दुनिया धावत सुटे. शब्द तिथलाच, असं बुसानचे म्हातारे सांगतात. पंडितांना ते पटत नाही. पण पंडित काही डबा घेऊन तिथं उभे नव्हते. चुनबे होता, नुनाच्या झग्याचं टोक मुठीत धरून. दिवस भुकेचे, तरी त्याला अजूनही त्यांची फार ओढ वाटे. तेव्हा नुनाला सगळं ठाऊक असायचं.

एकाएकी तो उठला आणि बेंबीच्या देठापासून ओरडला, "गेपान ओबुन जॉन!"

कुणी चमचे आपटले, कुणी चाकाची खुर्ची पुढे दामटली. "आजोबा, काय आरंभलंय हे!" मिसुक चुनबेवर किंचाळली. पण नुना वाडगा घेऊन उभी राहिली होती आणि तिचा दुसरा हात मागे चाचपडत होता.

"चुनबे, घट्ट धर! हरवलास तर बघ, गाढवा!"

त्यानं तिच्या स्वेटरचं टोक धरलं. मिसुकनं मुकाट्यानं पेज वाढली. नुनानं वाडगा त्याच्यापुढे सरकवला.

"खा. माझं झालं मगाशीच."

लहानपणी हे त्याला रोज खरं वाटायचं. आता तिच्या देखत तो दोन चमचे प्यायला.

"पोट भरलं, नुना. हे बघ, उरलंय."

"उरलंय?" तिनं संशयानं त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"हंडाभर उरलंय."

तेव्हा कुठे तिनं चमचा उचलला.