शोकाकुलांची यादी

लिंडनच्या झाडावरचा कागद मुनेव्हेराने नखांनी ओरबाडून काढला. खळ अजून ओली होती. हिरवी चौकट, वर चंद्रकोर, आत तिचं नाव.

मुनेव्हेरा चौशेविच, वय बावन्न. अल्लाच्या भेटीस गेल्या.

बेकरीपुढे रांग होती. रांगेतलं कुणीच तिच्याकडे बघत नव्हतं आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटली. पुढच्या खांबावर तसाच कागद. मशिदीच्या फळ्यावरही, बाकीच्या मयतांच्या ओळीत. तो तिने काढला नाही. घरी येऊन कुलपात किल्ली दोनदा फिरवली.

जनाजा शुक्रवारी, दुपारच्या असरच्या नमाजानंतर.

आज बुधवार. शुक्रवारी तिचा अंक निघायचा होता. सतरा वर्षं ती बायकांचं मासिक चालवत होती, दोनदा नगरपालिकेवर निवडून आली होती. शिव्यांची पत्रं ती खोक्यात टाकायची. पण पत्रात कधी वार नसायचा, वेळ नसायची.

या अंकात बारा बहिणींच्या कहाण्या होत्या, खऱ्या नावांनिशी. बापाच्या जमिनीतला वाटा त्यांच्याकडून भावांच्या नावे लिहून घेतलेला. तेरावी ती स्वतः.

घंटी वाजली. हातातला पेला फरशीवर फुटला.

दाराशी शेजारची म्हातारी रुकिया होती. हातात झाकलेली ताटली.

"अगं बाई! तू जिवंत?"

"आहे. आत ये, लवकर."

"आणि मी पाव किलो लोणी घातलं की मयताच्या हलव्यात! यासीनची प्रार्थनासुद्धा वाचून झाली तुझ्या नावाने. आता ती परत कशी घेऊ?"

मुनेव्हेराला हसू आलं.

रुकियाने चष्मा लावला. गावातल्या सगळ्या बायका वाचतात तसा तिने कागद खालून वाचायला घेतला: कुणाला पुढे घातलं, कुणाला गाळलं.

शोकाकुल:

"मुलगी एल्मा. वहिनी झुम्रा. भाचे दोघं. खाटेवरची मावशीसुद्धा! मेल्यांनी चौकशी तरी नीट केलीय." बोट थांबलं. "हासिब कुठाय गं? सख्खा भाऊ गाळतात होय?"

"विसरले असतील."

"असं कुणी विसरतं? आमच्या ह्यांच्या वेळी एक चुलता राहिला, तर वीस वर्षं बोलला नाही."

मुनेव्हेरा काचा वेचत होती. हात थांबला.

आई गेली तेव्हा छापखान्यात नावं लिहून द्यायची होती. हासिबने सगळी लिहिली, स्वतःचं सोडून. "हिरव्या चौकटीत आपलं नाव आपल्या हाताने लिहू नये," असं म्हणून त्याने पेन तिच्याकडे सरकवलं होतं. हासिबचं नाव तिनेच लिहिलं होतं.

रुकिया गेली आणि थोड्याच वेळात हासिब आला. तिच्या कपाळाचं चुंबन घेतलं. मागे वळून दार लावलं, किल्ली फिरवली.

"पाहिलं मी. रक्त आटलं माझं."

"बस, दादा."

"शुक्रवारपर्यंत बाहेर पडायचं नाही. आणि तो लेख थांबव. कोण कुठल्या बायका, त्यांच्यासाठी मरणार आहेस?"

तिने हलव्याची ताटली त्याच्यापुढे ठेवली.

"खा. रुकियाने माझ्या नावाने केलाय."

हासिबने ताटलीकडे पाहिलं. त्याचे हात गुडघ्यांवरून हलले नाहीत.

"भूक नाही."

"माझ्या नावाचा एक घाससुद्धा नाही?"

तिनेच एक तुकडा तोंडात टाकला. मग तिने छापखान्याला फोन लावला.

"मी मुनेव्हेरा. हो, जिवंत आहे. तेरावं नाव राहू द्या."

हासिब उठला आणि एकेक करून खिडक्यांचे पडदे ओढू लागला, आजारी माणसाच्या खोलीत ओढतात तसे, हळू.

ती दाराकडे वळली. कुलपात किल्ली नव्हती.