पक्का नर

"गुणवंता, लेका खाली काय पाहून राहिला? इकडं पाह्य, समोर!"

धावड्याच्या बुंध्याशी उकिडवा बसलेला गुणवंता दचकला. झाडाची साल कमरेच्या उंचीवर ताजी सोलली होती. चितळाच्या नरानं रात्री शिंगं घासली होती, आणि घाव किती उंच अन् किती खोल यावरून नर केवढा असेल याचा अंदाज तो बांधत होता. सालीत अडकलेलं शिंगावरच्या मखमलीचं वाळकं चिपाड त्यानं नुकतंच हाताला लावून पाहिलं होतं. विनोद मात्र लघवीला म्हणून नाल्याच्या पलीकडे गेला होता, आणि तिथूनच हात करून हळू आवाजात बोलावत होता.

पळसाच्या सावलीत नर उभा होता. मान जाड, गळा काळपट, शिंगं बुडाशी मनगटाएवढी. क्षणभर त्यानं दोघांकडे पाहिलं आणि सावकाश झाडीत शिरला.

"दिसला का?" विनोद हसत आला. "मले तर उभ्या उभ्या दिसला बाप्पा. पँटची चेन बी लावली नव्हती."

गुणवंता हसला नाही. सकाळपासून माग काढला होता तो त्यानं.

हे असंच चालत आलं होतं. दोघंही बोरगावचे, दोघंही वनखात्याचे चौकीदार, एकाच पावसाळ्यात कामाला लागलेले. सौंसरच्या वरच्या अंगाला संत्र्याचे बगीचे संपतात आणि टेकड्यांचं जंगल सुरू होतं, तिथली गस्त दोघांची मिळून होती. गुणवंता वेळेवर यायचा, पाऊलवाट सोडायचा नाही, माती वाकून पाहायचा. विनोद उशिरा यायचा, गाणं म्हणायचा, आणि बिबट्या असो की लाकूडचोर, दिसायचा त्यालाच. बगीच्यातून परतताना लोक हाक मारायचे, "विनोदभाऊ, च्या घेऊन जा," आणि मग मागून येणारा गुणवंता दिसला की, "या ना, तुमी बी या." त्या 'बी'नं गुणवंताला काटा रुतल्यासारखं व्हायचं. चहा गोड असला तरी कडू लागायचा.

घरीही तेच. विनोदची बायको कावीळ होऊन गेली, मुलगा नागपूरला नोकरीला लागला, तेव्हापासून त्याचं एक वेळचं जेवण गुणवंताच्याच घरी. गुणवंताची बायको अलका भाजीत तिखट कमी टाकायची.

"आज फिकी काऊन केली?" गुणवंतानं एकदा विचारलं.

"विनोदभाऊले पित्त होते ना."

"अन् मले?"

"तुमाले काय होते? तुमी कधी सांगतलं का?"

त्याच्या लेकीला, तृप्तीला, नर्सिंगला प्रवेश मिळाला, तर तिनं कॉलेजच्या दारातूनच पांढुर्ण्याहून पहिला फोन विनोदकाकाला लावला. वडिलांचा फोन लागत नव्हता म्हणे. गुणवंतानं फोन काढून पाहिला, तर रेंज पूर्ण होती. त्यानं तो परत खिशात ठेवला. बोलण्यासारखं काही नव्हतंच. विनोदनं त्याचं कधी काही हिसकावलं नव्हतं, आणि राग काढायला तेवढीही जागा नव्हती.

यंदा माघात खात्यानं नवं काम काढलं. दूरच्या एका अभयारण्यात हरणं संपत आली होती, आणि इथून चितळांचा एक कळप तिकडे न्यायचा होता. माद्या हव्या तितक्या चालतील, पण शिंगवाला नर ट्रकात इतरांना भोसकतो, त्याला वेगळा कप्पा लागतो. म्हणून नर मोजकेच घ्यायचे होते, आणि तेही पारखून. नव्या रेंजर वृषाली मॅडम पांढुर्ण्याच्याच होत्या. त्यांनी दोघांना बोलावून सांगितलं, "कोवळा नको, तो तिथं टिकणार नाही. म्हातारा नको, प्रवासातच जाईल. पक्का नर पाहिजे. तुम्ही हेरून ठेवा, मी येऊन पाहते."

गुणवंता कामाला भिडला. पाणवठे, हरणं चाटतात ती खारी माती, घासलेली झाडं, सगळं त्यानं पालथं घातलं. विनोद सोबत असायचा, पण यावेळी तो गाणं म्हणत नव्हता. त्याचं कारण गुणवंताला ठाऊक होतं.

पळसाखाली दिसलेला तो नर म्हणजे विनोदचा 'मालगुजार', जुन्या जमीनदारांवरून ठेवलेलं नाव. पाडस असताना गावच्या कुत्र्यांनी त्याला घेरलं होतं, तेव्हा विनोदनं काठी घेऊन मध्ये उडी टाकली होती. कान फाटला होता तो तेवढा तसाच राहिला. बायको गेली त्या वर्षी विनोद ड्यूटी नसतानाही पहाटे इकडे यायचा, लांबून त्याला पाहायचा आणि मगच दात घासायचा. "आमचा मालगुजार वसुलीले निघाला," असं म्हणायचा.

मॅडम आल्या त्या सकाळी तिघं पाणवठ्याच्या वरच्या खडकामागे बसले. ऊन कोवळं होतं. आधी माद्या आल्या, मग दोन तरणे नर, मग सगळ्यांच्या मागून तो.

मॅडमनी दुर्बीण डोळ्यांना लावली. "हा? हा तर राजाच दिसतो."

"म्हातारा हाय तो, मॅडम," विनोद पटकन म्हणाला. "त्याले राहू द्या. दात झिजले असन आता. रस्त्यातच मरून जाईन."

गुणवंतानं त्याच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत विनोदला खोटं बोलताना त्यानं पहिल्यांदा ऐकलं. विनोदची नजर पाण्याकडे होती, आणि बोटं गवताची काडी मोडत होती.

तेव्हा गप्प बसता आलं असतं. मॅडम दुर्बीण तरण्या नरांकडे वळवतच होत्या. पण गुणवंताच्या आत काहीतरी उसळून वर आलं. याला सगळं मिळतं. चहा, हाक, लेकीचा फोन. आणि आता याचा नरही याच्यासाठी इथंच राहणार.

"म्हातारा नाही, मॅडम," तो म्हणाला. त्याचा स्वतःचाच आवाज त्याला परका वाटला. "पाठ पाहा, कुठं खोलगट झाली का? म्हाताऱ्याचं शिंग दरसाल बारीक होत जाते. याचं यंदा बुडाशी अजून भरलं हाय. चाल पाहा त्याची. पक्का नर हाय हा. असा दुसरा नाही या जंगलात."

मॅडमनी बराच वेळ पाहिलं. मग दुर्बीण खाली घेऊन म्हणाल्या, "खरं आहे. गुणवंताभाऊ, नजर तर तुमची आहे! मला सगळे विनोदभाऊंचंच नाव सांगत होते."

वीस वर्षं ज्या वाक्याची वाट पाहिली ते वाक्य आलं होतं. ते अंगावर घ्यावं, मुरवावं, म्हणून गुणवंता वाट पाहत राहिला. काहीच झालं नाही.

विनोदनं मोडलेली काडी टाकली. "हो," तो म्हणाला. "गुणवंता म्हणते ते बराबर हाय. माझीच चूक झाली."

परतताना तो पुढे चालत होता. नेहमी मागून बडबडत यायचा. गुणवंताला वाटलं, शिवी देईल, निदान विचारील तरी. नाल्याशी विनोद थांबला, पण एवढंच म्हणाला, "गड्या, घरी सांग, आज मी नाही येत जेवाले. भूक नाही."

फाल्गुनात हिरव्या कापडाचं मोठं कुंपण उभं राहिलं, एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला ट्रकाच्या दाराएवढं. चारा टाकून हरणांना त्याची सवय केली. पकडायच्या दिवशी माद्या ओढल्यागत आत गेल्या. मालगुजार मात्र तोंडाशी अडला. पाय आपटू लागला, कापडाला शिंगं लावू लागला. आता हा उधळतो आणि मान मोडून घेतो, असं सगळ्यांना वाटलं.

तेव्हा विनोद कुंपणाच्या बाहेरून, कापडाला लागून, हळूहळू चालू लागला. तोंडानं नेहमीचं ते गाणं, अगदी हलक्या आवाजात. नराचा फाटका कान वळला. त्या आवाजाच्या बाजूबाजूनं तो पुढे सरकत गेला, आणि फळी चढून कप्प्यात शिरला. दार पडलं.

लोकांनी विनोदची पाठ थोपटली. गुणवंताला त्या क्षणीही हेवा वाटला, आणि तो वाटला याची लाज वाटली.

"मॅडम, एक विचारू का?" विनोद म्हणाला. "तिकडं याले पाहाले कोन हाय? मी जाऊ का संग?"

मॅडमना ते बरंच वाटलं. तिकडच्यांना हरणं रुळेपर्यंत जाणता माणूस हवाच होता. विनोदनं घरून पिशवी आणली आणि येताना गुणवंताच्या घरी थांबून अलकाच्या पाया पडला. ती म्हणाली, "भाऊ, किती दिवसासाठी?" तो म्हणाला, "पाहू." गुणवंतानं त्याची पिशवी ट्रकात ठेवली. तिचा बंद उगाच दोन-तीन वेळा आवळला. ड्रायव्हरनं हॉर्न दिला.

पोळ्याच्या आसपास कळलं की विनोदनं तिकडेच बदली मागून घेतली. अलका अजून तिखट कमीच टाकत होती. गुणवंतानं तिला सांगितलं नाही की आता टाकत जा.

मार्गशीर्षात एका सकाळी, नवा जोडीदार प्रवीण याच्यासोबत गस्तीला निघाला असताना गुणवंताचा फोन वाजला.

"कसा हायस बे?" विनोदचा आवाज तसाच होता. "तुले सांगाले फोन केला. मालगुजार रुळला इथं. चाळीसेक माद्या संग घेऊन फिरते लेकाचा. तीन पाडसं झाले. इथल्या साहेबाले म्या सांगतलं, हा नर आमच्या गुणवंतानं निवडला. मी तर याले म्हातारा म्हणलो होतो. बरं झालं, तू बोलला."

गुणवंता वाटेतच थांबला.

"अबे, ऐकून राहिला ना?"

"विनोद..." तो म्हणाला. "आवाज तुटून राहिला इथं. काही समजत नाही."

"बरं बरं. ठेवतो मंग. वहिनीले नमस्कार सांग." फोन बंद झाला.

आवाज अगदी स्वच्छ येत होता. वाटेत पुढे जाऊन थांबलेल्या प्रवीणनं हातानंच विचारलं, निघायचं का? गुणवंतानं त्यालाही हातानंच थांबवलं, पाठ वळवली आणि बंद झालेला फोन तसाच कानाशी धरून उभा राहिला.