अर्धा आटा

देवगाव फाट्यावर लिंबाजीचं गॅरेज म्हणजे कडुनिंबाखाली चार पत्रे आणि एक लोखंडी पेटी. येलदरीच्या धरणावर डंपरच्या मेस्त्रीच्या हाताखाली त्यानं सहा वर्षं काढली होती. धरण झालं, माणसं पांगली आणि लिंबाजी आपले पाने घेऊन फाट्यावर येऊन बसला. शेजारीच त्याच्या आईचं, सगुणाबाईचं हाटेल. तिच्या मिरचीभज्यांपायी एस्टीचे ड्रायव्हर वेळापत्रक विसरत.

मोठा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली असतील. एका गुरुवारी पांढरी अँबॅसिडर फसफस करीत, गचके खात आली आणि बरोबर कडुनिंबाखाली बंद पडली. गाडी आबासाहेबांची. जिंतूरकडचे बडे बागाईतदार. दर गुरुवारी ते सेलूला कापसाच्या जिनिंगवर जात, आणि गुडघ्याच्या दवाखान्यासाठी त्यांच्या पत्नी नर्मदाबाई सोबत असत. गाडी भुजंग हाकायचा, वीस वर्षांपासून. आधी बैलांची, मग ही.

लिंबाजीनं बॉनेट उघडलं. पहिला प्लग हातानं फिरत होता.

"वायसर कुठंय, भुजंगमामा?"

"वायसर बी असतंय का त्याला?" भुजंग म्हणाला.

लिंबाजीनं तांब्याचं वायसर घातलं, प्लग आवळला. नर्मदाबाई उतरून मागं उभ्या राहून सगळं बघत होत्या. ऊन मी म्हणत होतं. सगुणाबाईनं हाक मारली, "बाई, सावलीला या की. च्या टाकलाय."

नर्मदाबाईंनी एकदा गाडीकडं पाहिलं आणि त्या गेल्या. आबासाहेब मात्र काचा वर करून आत घामानं निथळत बसले. ते सगुणाबाईच्या हाटेलात का बसत नाहीत, हे फाट्यावर कुणाला समजवावं लागत नव्हतं. भट्टीच्या वर भिंतीला बाबासाहेबांचा फोटो होता.

पुढच्या गुरुवारी गाडी जांभळीच्या माळावर, ना घर ना झाड अशा जागी बंद पडली. भुजंग सायकल मागून लिंबाजीला बोलवायला आला. त्यानंतरच्या गुरुवारी ती पुन्हा कडुनिंबाखाली. त्याच्याही पुढच्या गुरुवारी पुन्हा. दर खेपेला पुढचे दोन प्लग ढिले. लिंबाजीचा जीव थाऱ्यावर राहिना. त्यानं आटे तपासले, ते नव्यासारखे. वायसर बदलले. दंडाला घाम फुटेतोवर प्लग आवळले. इकडं फाट्यावरची माणसं विचारायला लागली, "कामून रे लिंबाजी, धरणावर प्लग आवळायचं शिकवलं न्हाई का?"

आबासाहेब परभणीच्या एका मोठ्या मेस्त्रीकडं गाडी घेऊन गेले. त्यानं चारही प्लग नवे घातले, दिवसभर गाडी पळवून पाहिली, काही दोष नाही म्हणाला. आणि पुढच्याच गुरुवारी गाडी फसफसत कडुनिंबाखाली हजर.

त्या दिवशी आबासाहेब खाली उतरले. आवाज न चढवता बोलले, तेच जास्त वाईट वाटलं.

"लिंबाजी, हे हत्याराचं काम न्हाई, हाकणाऱ्याच्या हाताचं हाय. भुजंग म्हातारा झाला. अजून एकदा बंद पडली की मी त्याला घरी बसवतो."

भुजंगनं डोक्याचं मुंडासं काढून हातात घेतलं. आबासाहेब परत आत जाऊन बसले.

लिंबाजीनं मान बॉनेटखाली घातली. दोन्ही प्लग सारखेच ढिले, जणू मापून. हादऱ्यानं सुटलेले प्लग असे सारखे सुटत नाहीत. त्यानं फडक्यानं खाच पुसली, तर बोटाला काहीतरी टोचलं. उजेडात धरलं. हिरव्या काकणाचा तुकडा होता.

त्यानं हळूच हाटेलाकडं पाहिलं. नर्मदाबाई बाकावर पाय लांब करून बसल्या होत्या. सगुणाबाई कुण्या कंडक्टरची नक्कल करीत होती, आणि बाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. एका हातात हिरवी काकणं सहा, दुसऱ्या हातात पाच.

लिंबाजी पाणी प्यायच्या निमित्तानं गेला आणि त्यानं तो तुकडा नर्मदाबाईंच्या भज्यांच्या बशीत ठेवला.

नर्मदाबाईंनी तुकडा उचलून पदराच्या गाठीत बांधला. मग मिरचीचं देठ बाजूला काढत म्हणाल्या, "तूच तर दाखवलंस. आवळायला असं, म्हणजे ढिलं करायला उलटं."

"पर कवा करतासा हे?"

"जिंतूरला हे कचेरीत जातेत, भुजंग पान खायला. पाना त्याच्याच सीटखाली असतोय. पदर खोचला की झालं." त्यांनी भज्याचा तुकडा मोडला. "पहिल्या खेपेला जास्तच फिरला. मग बसलो की माळावर दोन घंटे उन्हात. आता अर्धा आटा फिरवते. बरोबर तुझ्या दारात येतंय."

लिंबाजीला हसावं की रागवावं कळेना. वीस किलोमीटरला अर्धा आटा. हा हिशोब त्याला स्वतःला जमला नसता.

"भुजंगमामाची भाकर जायलीय, बाई."

नर्मदाबाईंचं हसू गेलं. "ते म्या ऐकलं न्हवतं," त्या म्हणाल्या. "आजच सांगते त्यायला. मग माझं येणं बंद होईल, होऊ दे." बशी दूर सारून त्या उठायला लागल्या. सगुणाबाईनं त्यांचं मनगट धरून खाली बसवलं आणि लेकाकडं पाहिलं. त्या नजरेचा अर्थ लिंबाजीला लहानपणापासून ठाऊक होता: कायतरी कर.

लिंबाजी हात पुसत गाडीपाशी गेला. काचेवर टकटक केली.

"आबासाहेब, दोष सापडला." फाट्यावरचे बाकीचे त्यांना मालक म्हणत, लिंबाजी कधी म्हणत नसे. "भुजंगमामाचा दोष न्हाई. तुमच्या इंजनाचा सोभावच हाय. जिंतूरहून येस्तोवर तापतंय, आन तापल्यावर प्लग आवळला तर टिकत न्हाई. दर खेपेला हितं अर्धा घंटा थंड करायचं, मी आवळणार, मंग पुढं जायचं."

"परभणीचा मेस्त्री असं न्हाई म्हणला."

"त्यानं गाडी परभणीत पळवली. जिंतूरचा रस्ता त्याला काय म्हाईत?"

आबासाहेबांनी रुमालानं मानेचा घाम पुसला. "किती दिवस?"

"इंजन हाय तवर," लिंबाजी गंभीर चेहऱ्यानं म्हणाला.

पुढच्या गुरुवारी गाडी न फसफसता, ऐटीत आली आणि कडुनिंबाखाली थांबली. लिंबाजीनं बॉनेट उघडून ठेवलं. अर्ध्या तासानं प्लगला पाना लावला, हं म्हटलं, आणि बॉनेट मिटलं. भुजंग बाकावर बसून चहात बटर बुडवत होता. त्यानंतर एकदाही गाडी वाटेत बंद पडली नाही. आबासाहेब सेलूत चारचौघांत सांगू लागले की परभणीच्या मेस्त्र्यांना इंजनाचा स्वभाव कळत नाही.

पण बंद गाडीत अर्धा तास म्हणजे सोपं नव्हतं. चैत्रात काचा खाली आल्या. वैशाखात आबासाहेब कडुनिंबाच्या बुंध्याला येऊन बसले. तिथून भट्टी दहा पावलांवर होती, आणि वारा त्याच बाजूनं यायचा. एका गुरुवारी त्यांनी भुजंगला विचारलं, "काय तळायलीय ती?" भुजंगनं कागदात चार भजी आणून दिली. आबासाहेबांनी ती झाडाकडं तोंड करून खाल्ली. मिरचीनं ठसका लागला. पाणी सगुणाबाईच्या हातचंच जवळ होतं. तिनं तांब्या पुढं केला. आबासाहेबांनी तिच्याकडं पाहिलं, नर्मदाबाईंकडं पाहिलं, आणि डोळे पुसत तांब्या घेतला.

आषाढात नर्मदाबाई महिनाभर माहेरी गेल्या. आता गाडी थांबायची नाही, असं लिंबाजीनं धरलंच होतं. तर गुरुवारी अँबॅसिडर आली आणि थांबली. आबासाहेब उतरले, सरळ हाटेलात गेले आणि बाकावरचे बटरचे तुकडे झटकून ऐसपैस बसले.

लिंबाजी बॉनेट उघडायला गेला, तर भुजंगनं त्याचा हात धरला.

"राहू दे रं," तो म्हणाला. "आज इंजन मुळीच तापलेलं न्हाई. जिंतूरहून म्या लय हळूच आणलीय."

"मंग थांबलास कामून?"

"मालक म्हणले, आधी च्या पिऊ, मंग बगू."