उडीची जागा

या, जवळ बसा. एका धुनेची गोष्ट सांगते.

एका काकांनी तरुणपणी एका व्हिडिओ गेमची धून रचली होती. त्यांच्या पुतणीने त्या धुनेचं रीमिक्स केलं, ढोल-व्हायोलिन घातले आणि मोठ्या हौसेने काकांना ऐकवलं.

"झकास! कुणाची गं?"

तिचा चेहराच पडला. "तुमचीच, काका!"

"मग उडीची जागा कुठे गेली? गेममध्ये खड्डा नेमका तिथे यायचा, म्हणून उडीच्या आवाजासाठी मी एक मात्रा रिकामी सोडली होती. तू तिथेही ढोल बडवलास, बाई!"

कीर्तनात निरूपण कितीही रंगलं तरी पालुपद सुटू नये, तसंच हे. तिने तेवढी मात्रा मोकळी केली. बाकी नवं तसंच ठेवलं. पुन्हा ऐकताना त्या जागी काकांची टाच आपसूक उचलली गेली.

दुसऱ्यासाठी जागा सोडणाऱ्या त्या काकांची आठवण ठेवा, बाबांनो.