दुसऱ्याच्या पिल्लाची भूक

उपडा घातलेला दुधाचा कॅन.

निळं अंडं. शेजारी आणखी एक, जरा मोठं, तितकंच निळं.

गाव सोडून केजकडे गेलेली जीप, टपावर गाठोडी.

तीन दिवसांत एकही नाकतोडा नाही.

कोयत्याला धार लावल्याचा आवाज.

मी एक म्हातारा सातभाई आहे, मित्रांनो. मातकट रंगाचा, कलकलाट करणारा, तुम्ही ज्याच्याकडे वळूनही बघत नाही असा पक्षी. नऊ उन्हाळे पाहिले. स्वतःचं घरटं एकदाही केलं नाही. आमच्या थव्यात एक जोडी अंडी घालते आणि बाकीचे सगळे त्या पिल्लांना भरवतात. मी आधी भावंडं भरवली, मग भाचे. भरवणं नसेल तेव्हा शेंड्यावर बसून शिकऱ्यावर, पिल्लं उचलणाऱ्या त्या शिकारी पक्ष्यावर, नजर ठेवली.

हे कुणी शिकवलं नाही. माझ्या पूर्वजांपैकी जे भरवत राहिले, त्यांची भावंडं जगली. भावंडांत त्यांचंच रक्त होतं, म्हणून भरवण्याची ओढही जगली. अशी हजारो पिढ्यांतून ती माझ्या चोचीत उतरली. समोर तोंड उघडलं की चोच पुढे होते. तोंड कुणाचं, हे ती विचारत नाही.

पावशाची मादी नेमकी इथेच आम्हाला गाठते. आमच्या अंड्यांत आपलं अंडं टाकून निघून जाते. आम्ही ते उबवतो.

आमची बाभळ दूध संस्थेच्या ओट्याला लागून आहे. तिथे दहा घरांचं दूध एकाच कॅनमध्ये ओतलं जाई. एखाद्याच्या दुधात पाणी असे, तरी कॅन भरे आणि गाडी येई. मग दुष्काळात सगळ्यांचीच जनावरं आटली आणि गाडी यायची थांबली.

त्याच उन्हाळ्यात घरट्यात एकच पिल्लू उरलं. पावशाचं. आमच्याहून मोठं, सदा भुकेलं. सहा जण त्याला भरवत होतो. कोरड्या मातीत खुपसून माझी चोच झिजली होती.

आणि गावातला बंकट कोयता घेऊन आमच्या बाभळीवर चढला.

"कावून चढलास रं?" ओट्यावरून कडूबाई ओरडली. ऊसतोडीला गेलेल्यांची लेकरं हीच सांभाळते.

"पाला तोडायलोय, मावशे. तुमच्याच शेळ्या उपाशी हायेत."

"त्या फांदीवर घरटं हाय."

"सातभाईचं. पावश्याचं पोर पोसायलेत येडे! त्यांचं न्हाईच ते."

"आन् तू माझा होतास व्हय? तुझी माय तोडीला गेलती तवा सा-सा महिने माझ्या भाकरी खाल्ल्यास. एकदा तरी म्हणलास का, मावशे, मी तुमचा न्हाई म्हणून?"

बंकट हसला. "तवा तुमीच म्हणायच्या, किती खातंय हे कार्टं!"

"आताबी म्हणते. उतर खाली."

मित्रांनो, खरं सांगतो. ती फांदी पडावी असं मला वाटलं. पडली असती तर मी सुटलो असतो. तरी बंकटच्या डोक्यावर पहिली चोच मारली ती मीच. का, ते वर सांगितलं आहे. पुन्हा सांगायचं त्राण नाही.

तो उतरला नाही. सगळी बाभळ ओरबाडली, शेळ्यांपुढे टाकली. ती एक फांदी मात्र सोडली. तेवढ्या सावलीत पिल्लू तगलं. बारा दिवसांनी उडालं. मागे वळून पाहिलं नाही.

आता मी फारसा उडत नाही. थवा मला मध्ये घेऊन बसतो, माझी पिसं साफ करतो.

झाड छाटाल तेव्हा आधी वर बघा. तुमच्या शेळ्या जगू द्या, पण एक फांदी ठेवा. आम्ही चुकत असलो, तरी ती चूक आम्हाला पुरी करू द्या.

बंकट आला त्याच्या चार दिवस आधी आमचं स्वतःचं शेवटचं पिल्लू घरट्यातून खाली पडलं होतं; आमच्या चोची वरच्या मोठ्या तोंडाकडेच जात राहिल्या. ते दुपारपर्यंत जिवंत होतं.