कुलूपवाले काका प्रतिपालक होतात

सगळी गल्ली त्यांना कुलूपवाले काका म्हणायची, आणि आयुष्यात एकही कुलूप दुरुस्त न केलेल्या त्यांच्या बायकोला कुलूपवाल्या काकू. दोघांना मूलबाळ नव्हतं. ज्या मुलांना स्वतःच्या घरी राहणं धोक्याचं झालंय, त्यांना काही काळ आपल्याकडे सांभाळायचं, असं काकूंनी ठरवलं. काकांनी भरपूर कुरकुर करून शेवटी मान डोलावली. काकूंनी एकदा ठरवलं की कुरकुर हा नुसता वेळकाढूपणा असतो, हे त्यांना अनुभवाने माहीत होतं.

अशा तात्पुरत्या पालकांना, म्हणजे प्रतिपालकांना, तयार करणाऱ्या केंद्रातल्या वर्गांना दोघं नेमाने गेली. तिथल्या समाजसेविकेला सगळे ताई म्हणत. प्रत्येक वर्गाच्या शेवटी ताईंचं एकच पालुपद असायचं : "अडलं की फोन करा. प्रतिपालक एकटा नसतो, आम्ही त्यासाठीच आहोत." सगळे माना हलवायचे. काकाही हलवायचे, पण मनात म्हणायचे, हे काही खरं नाही. कुलूप उघडेना म्हणून जो दुसऱ्या कुलूपवाल्याला बोलावतो, त्याने आपलं दुकान गुंडाळावं. धंद्यातली ही अक्कल त्यांनी घरीही तशीच आणली होती.

मग मुलगी आली. सातेक वर्षांची, अंगाने बारकी, पाठीवर एक पिशवी. काकांनी तिच्या खोलीला पितळी कुलूप बसवून ठेवलं होतं, दुकानातलं सगळ्यात देखणं. पोरीला स्वतःची खोली मिळतेय, तर ती नीट बंद व्हायला नको? त्यांनी तिला आत नेलं, दार लावलं आणि हौसेने चावी फिरवून दाखवली. टक् आवाज झाला आणि मुलीचा चेहरा पांढराफटक पडला.

त्यानंतर तिने त्या खोलीत पाऊल टाकलं नाही. बाहेरच्या बोळकांडीत चटई ओढून झोपायची. विचारलेल्याला मान हलवायची, बोलायची नाही. "नवीन जागा आहे, रुळेल," काकू म्हणाल्या. काकांना वाटलं, कुलपाचा आवाज मोठा येत असेल. त्यांनी त्यात तेल घातलं. धन्य तो माणूस.

काकू इस्पितळात कामाला होत्या. रजा संपली, त्या गेल्या, आणि काका दुकान बंद ठेवून मुलीसोबत थांबले. काकूंच्या पाठोपाठ त्यांनी सवयीने बाहेरच्या दाराला कुलूप लावलं आणि चावी खिशात टाकली. मुलगी धावत आली. दोन्ही हातांनी तिने दाराची मूठ ओढली, पुन्हा ओढली. मग ती जेवणाच्या टेबलाखाली शिरली आणि अंगाचं मुटकुळं करून बसली.

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी दार सताड उघडलं. "हे बघ, उघडं आहे. आता लावत नाही." मुलगी हलेना. त्यांनी दूध आणून ठेवलं. गोष्ट सांगून पाहिली, पण ती त्यांनाच अर्धी येत होती. टेबलाखालून फक्त दात वाजल्याचा आवाज येत राहिला.

काकांनी फोन उचलला आणि खाली ठेवला. मन चिंती ते वैरी न चिंती. ताई म्हणतील, एवढ्याशा पोरीला कोंडलंत? मुलीला घेऊन जातील. काकू दमून घरी येतील तेव्हा टेबलाखाली कुणी नसेल, आणि आपण त्यांना काय तोंड दाखवायचं? करायला गेलो एक आणि झालं भलतंच. पण दात वाजायचे थांबेनात, आणि काकांना ते ऐकवेना. त्यांनी नंबर लावला.

सगळं एका दमात सांगून टाकलं. पितळी कुलूप, चावी, तेलसुद्धा.

ताई म्हणाल्या, "तिच्या घरी तिला कोंडून ठेवायचे, हे आम्हालाही माहीत नव्हतं, काका. तुमच्यामुळे आज कळलं. तिच्या खोलीचं कुलूप काढा, तिला दिसेल असं. मी निघालेच."

काकांनी स्क्रू ढिले करायला घेतले. कुलूप निघालं. हात थांबेना म्हणून न्हाणीघराची कडीही काढली. त्याबद्दल त्यांना काकूंकडून ऐकून घ्यावं लागणार होतं.

बाहेर गाडी थांबली. काका वळले, तर मुलगी उंबऱ्यात उभी. पाठीवर पिशवी, पायांत बूट.

"कुठे निघालीस?"

"गाडी आली," ती म्हणाली. या घरातले तिचे हे पहिले शब्द. "फोन केला की गाडी येते. मग दुसरं घर."

काकांना भडभडून आलं. ते ज्या गोष्टीला सकाळपासून भीत होते, तिलाच ही पोर टेबलाखाली बसून भीत होती. गुडघे कुरकुरत असताना ते तिच्यासमोर जमिनीवर बसले.

"त्या तुला न्यायला नाही आल्या. मला शिकवायला आल्यात. माझं चुकलं ना."

"नापास झालात?"

"साफ."

"मग तुम्हाला काढणार?"

हे काकांनाही माहीत नव्हतं. त्यांनी पायरीवर पोचलेल्या ताईंकडे पाहिलं, आणि मुलीनेही पाहिलं.

"नाही गं," ताई म्हणाल्या. "पुन्हा शिकवणार."

मुलीने थोडा विचार केला. "मग मी पण बसते," ती म्हणाली, आणि बूट न काढताच काकांना खेटून खाली बसली.