आसरांवर आळ

बायडाबाईची रतन गावविहिरीत उतरली होती, तळातलं पाणी वाटीनं भरायला. दोर तुटला आणि पोर गेली. विहीर आटली होती, कारण शेजारीच दूध सोसायटीच्या जागेतली बोअर चेअरमन मोहनराव रात्रंदिवस आपल्या उसाला चालवत होते. गावात हे सगळ्यांना ठाऊक, पण बोलायची छाती कुणाची नव्हती.

बोलले ते राधाकिशन गुरुजी, तेही कादंबरीतून. तिच्यात विहिरीतल्या साती आसरा, म्हणजे पाण्यातल्या देवी, रतनला आपल्यात घेतात आणि भर दुपारी एका बड्या बागायतदाराच्या दारात जाऊन बसतात. आमचं पाणी परत दे, म्हणतात. मी सोसायटीत दूध मोजते. चाऱ्यावाचून जनावरं आटली आणि मला काम उरलं नाही, तेव्हा मी ते पुस्तक बायांना वाचून दाखवलं. बायडाबाई मेंढरं राखणारी, तिला अक्षर येत नाही, पण पदर न हलवता ऐकत राहिली. उन्हाळाभर बोअर फक्त पिण्यासाठी चालवा, असा ठराव सभेत मांडायचं आम्ही ठरवलं.

तेवढ्यात मुंबईकरांनी त्या पुस्तकावर मालिका काढली. मोहनरावांनी सोसायटीत मोठा टीव्ही आणला. मालिकेत आसराच राक्षसिणी निघाल्या, सगळं पाणी पिऊन बसलेल्या. बागायतदार तलवार घेऊन विहिरीत उतरतो, त्यांना मारतो आणि रतनला जिवंत वर आणतो. चोर सोडून संन्याशाला फाशी. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला, आणि शेजारी बाया पदरानं डोळे पुसत होत्या. मोहनरावांनी पेढे वाटले, जणू तो बागायतदार तेच.

गुरुजींना गाठलं तर म्हणाले, "हक्क देऊन बसलो, छबुबाई. आता माझ्या हातात काय हाय?"

सभेत ठराव आला, तेव्हा आमच्यातलीच वच्छलाबाई उठली. "बोअर कावून बंद करायची? आसरांचा कोप हाय. त्यांची ओटी भरू." माना डोलल्या.

बायडाबाई उभी राहिली. "चेअरमननं माझी पोर जिती वर काढली म्हन्ता. मंग मी माती कुणाला दिली?"

बोअरचा ठराव पडला, ओटीचा मंजूर झाला.

आता बायडाबाई धाकट्या लेकीच्या कमरेला दोर बांधून तिला विहिरीत सोडते. बाकीच्या बाया आपापल्या पोरी सोडताना आसरांना हात जोडतात. ती मोहनरावांचं नाव घेऊन शिव्या देते, आणि बाया तिला गप्प बस म्हणतात.